भोकं बुजवा, असं मीच म्हणाले होते

हनीफभाई,

तुमचं नाव मी मशिदीच्या भोंग्यावरून ऐकलं. सकाळी दहाचा सुमार होता. मी माझ्या घरात, म्हणजे बसमध्ये, मेथी निवडत बसले होते. भोंग्यावर इंतकालाची, कोणी गेल्याची, खबर आली की दिग्रसमध्ये सगळेच क्षणभर कान देतात, तसे मीही दिले. ‘हनीफ मिस्त्री’ ऐकलं तेव्हा वाटलं, दुसरे कोणी असतील. हनीफ नावाचे मिस्त्री गावात तीन-चार तरी आहेत. मग पुढचा शब्द आला, ‘बसबॉडीवाले’. ते एकच होते.

आज अठरा दिवस झाले. रोज थोडं लिहिते आणि त्यातलं बरंचसं खोडते. तुमच्या हाताबद्दल, तुमच्या हसण्याबद्दल लिहायला बसावं तर लेखणी एकाच जागी येऊन अडते. म्हणून ती जागा आधीच सांगून टाकते. बसच्या पत्र्यातली भोकं बुजवा, असं मी म्हणाले होते. तुम्ही नको म्हणत होतात. पुढे बसची लाकडी जमीन भिजून सडली, ती माझ्या हट्टामुळे. लोकांनी तो दोष तुमच्या नावावर टाकला तेव्हा मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. तुम्ही जिवंत असेपर्यंत गप्प राहिले.

वाचनालयातून निवृत्त झाल्यावर मी शाळेची एक जुनी, बंद पडलेली बस घेतली आणि तिच्यात राहणार असं सांगितलं, तेव्हा माझा सख्खा भाऊ हसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “एकटी बाई, अन् बशीत?” मी सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत काढला. खोली खाली करा, हे वाक्य मी पाच घरमालकांकडून ऐकलं आहे. ज्या घरात ते वाक्य मला कोणी ऐकवू शकणार नाही असं एक घर मला हवं होतं. वाटलं तर ते उचलून फुलसावंगीला बहिणीच्या शेतात नेऊन ठेवावं, कंटाळा आला की परत आणावं. तुमच्या दुकानात येऊन मी हे कसंबसं सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. चहा मागवलात आणि विचारलंत, “बाई, उन्हाळ्यात राहान का पावसाळ्यात?”

“दोन्हीत,” मी म्हणाले.

“मंग आधी जमीन पाहू. छत मागून.”

तुमचं म्हणणं असं, की माणूस उन्हाला वरून भितो, पण बसमध्ये ऊन खालून येतं. डांबराचा रस्ता तापतो, त्यावर पत्रा तापतो, आणि पत्र्यावर आपण. एप्रिलमधली दुपार असावी तशी तेव्हा फेब्रुवारीतच दुपार झाली होती. तुम्ही मला रिकाम्या बसच्या पत्र्यावर पाऊल ठेवायला सांगितलंत. मी ठेवलं आणि लगेच उचललं. तुम्ही म्हणालात, “पायलं? याच्यावर थर पाह्यजे. नाई त तुमी तव्यावरच्या भाकरीवानी व्हान.”

सीटा काढल्यावर त्या पत्र्यात बोल्टांची भोकंच भोकं उरली होती. गंज घासून, लाल रंग मारून झाल्यावर तुम्ही जे केलंत ते मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं. तांब्याभर पाणी आणलंत, बसच्या मधोमध ओतलंत आणि उकिडवे बसून राहिलात. मी विचारलं, हे काय? तुम्ही बोट ओठांवर ठेवलंत. पाणी थोडा वेळ जागच्या जागी थरथरलं, मग मागच्या दाराकडे निघालं आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. तिथे तुम्ही खडूने फुली मारलीत. दुसरा तांब्या पुढे ओतलात. त्याची फुली पुढच्या चाकाच्या मागे पडली.

“पाण्याले विचारून घेतो मी,” तुम्ही म्हणालात. “बशीत पाणी येतेच, बाई. कोणी कितीही सांगू द्या. रबरातून येईन, जोडातून येईन. येणाऱ्याले जाऊ द्या लागते. या फुल्यायवरचे भोक मी खुले ठेवतो, खालून जाळी मारतो. बाकीचे बुजवतो.”

आणि मी पिशवीतून पुस्तक काढलं.

इंग्रजी पुस्तक होतं, परदेशातलं, गाड्यांची घरं करून राहणाऱ्यांसाठी लिहिलेलं. मोठ्या हौसेने मागवलं होतं. त्यात जमिनीचं अख्खं प्रकरण होतं, आकृत्यांसह. मी तुम्हाला वाक्यावाक्याने मराठीत वाचून दाखवलं. तळाच्या पत्र्यातलं एकूण एक भोक बंद करावं. लाकडी पट्ट्या ठोकाव्यात. पट्ट्यांच्या मध्ये थर्माकोल बसवावा. त्यावर प्लास्टिकचा सलग कागद, त्यावर प्लाय. एकूण एक भोक, हे शब्द मी दोनदा वाचले.

तुम्ही आकृतीवर बोट ठेवून विचारलंत, “हे कोणच्या गावचं हाय?”

मी देशाचं नाव सांगितलं.

“तिथी काय पडते? बर्फ?”

“हो. सहा महिने.”

“आपल्याइकडं काय पडते?” तुम्ही हसत होतात. “त्याईले आतली गरमी धरून ठेवा लागते. आपल्याले बाहेरची येऊ द्यायची नाई. त्याईचा कागद आपल्याले उलटा पडन, बाई. खालून ओल आली त बसन ना आतच कोंडून.”

तुमचं बरोबर होतं. लहान मुलालाही पटावं इतकं सरळ होतं. पण छापलेल्या पानावर माझा फार विश्वास. शिवाय उघड्या भोकातून उंदीर येतील, विंचू येईल, ही भीती होतीच. जाळी मारतो म्हणालात ते मी ऐकूनही ऐकलं नाही. मी म्हणाले, “हनीफभाई, हे लोक वर्षानुवर्षं हेच काम करतात. त्यांनी काही विचार केला असेल ना?”

तुम्हीही वर्षानुवर्षं हेच काम करत होतात. हे मला तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असेल, पण तुम्ही बोलला नाहीत. पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलंत, हात पुसून पुन्हा पाहिलंत. म्हणालात, “मी चौथीतून निघालो. तुमी जिंदगीभर पुस्तकं सांभायली. लिहिलं असन त काही पाहूनच लिहिलं असन.” आणि फुल्या पुसून टाकल्यात. त्या दोन जागांवर पुट्टी भरताना तुम्ही बाकीच्या भोकांपेक्षा जास्त वेळ घेतलात, एवढंच मला आठवतं.

ते दिवस मात्र चांगले होते. तेही लिहायला हवं, नाहीतर हे पान नुसतं माझ्या अपराधाचं होईल. तुम्ही पट्ट्या मापून कापायचात आणि थर्माकोलचा तुकडा मधल्या चौकटीत असा बसवायचात की नख जायला जागा नसे. भुसा आणि थर्माकोलचे पांढरे दाणे तुमच्या दाढीत अडकायचे. एकदा घरून तुमचा डबा घेऊन शमीमभाभी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “या अल्ला, बर्फ इथंच पडून राह्यला की!” तुम्ही त्यांना अर्ध्या झालेल्या जमिनीवर चालायला लावलंत. त्या म्हणाल्या, “मी काहून? बाईचं घर हाय.” तुम्ही म्हणालात, “तुयं वजन बाईपेक्षा जास्त हाय. तू पास, त बाई पास.” त्यांनी डबा तुमच्या पाठीत घातला.

प्लाय बसल्यावर परीक्षा माझी होती. चपला काढून, डोळे मिटून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि जिथे कुरकुर ऐकू येईल तिथे थांबायचं. मी थांबले की तुम्ही गुडघ्यांवर येऊन तिथे आणखी एक स्क्रू मारायचात. “डोये मिटल्यावर पायाले जास्त दिसते,” असं तुमचं म्हणणं. अशा मी किती फेऱ्या मारल्या, आठवत नाही. शेवटच्या फेरीत एकही आवाज आला नाही. मी डोळे उघडले तर तुम्ही कोपऱ्यात बसून पाहत होतात. “आता हे तुमचं घर,” म्हणालात. माझ्या वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हे मला पहिल्यांदा कोणी म्हणालं.

त्या उन्हाळ्यात मी मे महिन्याच्या दुपारी त्या जमिनीवर चटई टाकून झोपले आहे. बाहेर यवतमाळच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. माझ्या पाठीखाली गार होतं.

मग पावसाळा लागला. मागच्या दाराच्या रबरातून पाणी झिरपलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच. ते डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबलं असणार, जिथे तुमची फुली होती. मला दिसलं काहीच नाही, कारण वर प्लास्टिक होतं. श्रावणात वास यायला लागला. भिंतीवरचा रंग असेल, असं मी मनाला समजावलं.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही दारव्ह्याच्या एका डॉक्टरांना घेऊन आलात. त्यांना खेड्यापाड्यांत फिरणारा डोळ्यांचा दवाखाना बसमध्ये करायचा होता. तुम्हाला ते काम फार हवं होतं. “बाई, या कामाले नाव राहीन,” असं तुम्ही मला महिनाभर सांगत होतात. माझी बस तुम्ही त्यांना नमुना म्हणून दाखवणार होतात. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टर आत आले, पुस्तकांची फळी पाहिली, खिडक्या पाहिल्या, वाहवा केली. मग मागच्या दाराकडे गेले आणि त्यांचं पाऊल खाली दबलं. जमिनीतून पचकन आवाज आला. त्यांनी दुसऱ्या पावलाने दाबून पाहिलं. कडेच्या फटीतून काळं पाणी वर आलं.

“हे कोणी केलं?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, “हनीफभाईंनी.”

एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण ते बोलायचं म्हणजे पुस्तक दाखवायचं, माझा हट्ट सांगायचा, एका शिकलेल्या माणसासमोर स्वतःला अडाणी ठरवायचं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पायरीवर एक पाय ठेवून उभे होतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, फार तर दोन श्वासांएवढं. मग खाली पाहून म्हणालात, “हो साहेब, मीच केलं.”

ते काम दुसऱ्या कोणाला गेलं. आणि गॅरेजच्या लाइनीत तुमच्या कामाला ‘हनीफची डुबती जमीन’ असं नाव पडलं. ते मला भाजीवाल्याकडून कळलं. तो हसून सांगत होता.

दोन दिवसांनी तुम्ही हत्यारं घेऊन आलात. मागचा भाग कापून काढलात, सडलेल्या पट्ट्या बाहेर टाकल्यात, पत्रा वाळवलात. पुन्हा तांब्याभर पाणी ओतलंत. या वेळी मला विचारलं नाहीत. ड्रिल घेऊन भोकं पाडलीत, खालून जाळी मारलीत, प्लास्टिक काढून टाकलंत आणि सगळं पुन्हा बसवलंत. मी चहा घेऊन उभी होते. मी म्हणाले, “हनीफभाई, त्या दिवशी...”

“बाई, तो पेचकस द्या,” तुम्ही म्हणालात.

मी पेचकस दिला. आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी आज कबूल करते. वाटलं, यांनीच विषय मिटवला. सांगू नंतर. मनातल्या मनात मी ते दिवाळीवर टाकलं. दिवाळीत फराळ घेऊन आले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. मग रस्त्यात एकदा भेटलात, स्कूटरवर मागे पत्रे बांधलेले. पाय टेकवून विचारलंत, “जमीन कशी हाय?”

“छान आहे,” मी म्हणाले. “कोरडी आहे अगदी.”

तुम्ही थांबून राहिलात. गाडी चालूच होती. मला आता वाटतं, तुम्ही जरा जास्तच थांबलात. मागून जीपवाल्याने हॉर्न दिला आणि तुम्ही गेलात. ते शेवटचं.

तुमच्या घरी मी चौथ्या दिवशी आले. बायकांमध्ये बसले. थोड्या वेळाने उठून आले. परवा पुन्हा गेले. शमीमभाभी एकट्याच होत्या, तांदूळ निवडत. मी सगळं सांगितलं. पुस्तक, फुल्या, पुट्टी, डॉक्टर. क्रमाने सांगितलं, काही गाळलं नाही. मला वाटलं होतं, त्यांना माहीत असेल. घरी तरी तुम्ही बोलला असाल. त्यांचे हात थांबले.

“ते त मले काहीच नाई बोलले,” त्या म्हणाल्या. “लाइनीतले हासत होते त मीच त्याईले म्हटलं, बुढे हो गये तुम, हाथ ढीला पड गया. मीच म्हटलं, बाई. एक डाव नाई. रोज म्हटलं. काम कमी करा, आता तुमचा हात चालत नाई, म्हटलं.”



“हासत. ‘असन,’ म्हणत. ‘हात थकला असन.’” त्यांनी ताट बाजूला सरकवलं. “तुमी तवा सांगतलं असतं त मी असं बोलली असती का?”

हनीफभाई, मला वाटत होतं की मी तुमचं एक काम घालवलं, तुमचं थोडं नाव घालवलं. तुमच्या घरातही माझं गप्प बसणं रोज येऊन बसत होतं, हे मला परवा कळलं. तुमच्या बायकोच्या तोंडून ते तुम्हाला ऐकावं लागलं आणि त्यांनाही तुम्ही खरं सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर त्यांनी माझं तोंड पाहिलं नसतं. तुम्हाला ते माहीत होतं. मी माफी मागितली. शमीमभाभींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “मले नका सांगू आता. मले सांगून त्याईले काय भेटते? हासले ते लाइनीतले. तिथी जाऊन सांगा.”

काल सकाळी मी गेले. दारव्हा रोडवरची गॅरेजची लाइन तुम्ही मला कधी पायी ओलांडू दिली नव्हतीत. “बाई, तिथी लोकं शिव्या देऊन बोलतात, तुमी दुकानाच्या मागून येत जा,” असं म्हणायचात. काल मी मधून गेले. तुमच्या दुकानाला कुलूप आहे. समोर गजू वेल्डर ग्राइंडरवर काहीतरी घासत होता, आणखी तिघं-चौघं चहा पीत होते. ‘डुबती जमीन’ हे नाव गजूने ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, माझ्या बसची जमीन सडली ती हनीफभाईंच्या कामामुळे नाही.

“काय म्हणता?” तो ओरडला. “जोरानं बोला बाई, ऐकू नाई येऊन राह्यलं!”

आयुष्यभर मी लोकांना हळू बोला म्हणत आले. काल मी ओरडले. रस्त्यावर उभी राहून, सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं. म्हणाले, भोकं बुजवायला मी लावली. ते नको म्हणत होते. त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. डॉक्टरांसमोर मी खोटं वागले. चूक माझी होती, हनीफ मिस्त्रींची नव्हती.

गजूने ग्राइंडर बंद केला. चहावाले उठून जवळ आले. कोणी हसलं नाही. गजूने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला. त्याचे डोळे लाल होते, कामाने असतील.

“आमी त्याले किती बोललो,” तो म्हणाला. “रोज बोललो. त तो काहून नाई बोलला, बाई? एका शब्दानं बोलला असता.”

सगळे थांबले होते.

“मी बोलेन म्हणून वाट पाहत होते ते,” मी म्हणाले.

बरोबर सांगितलं का, हनीफभाई?